चार ठोक्यांची जागा

“तोंड पाहुण्यांकडे ठेव आणि मागे मागे चालत वाजव. म्हणजे व्हिडिओत दोघंही येतील.”

सबनीस साहेब हॉलच्या फाटकात उभं राहून मला हे म्हणाले. शुक्रवार, संध्याकाळचे पाच. बहारीनला, मनामातल्या एका शाळेच्या आवारात ऊन अजून भाजत होतं. आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे, पुण्याहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक, गाडीतून उतरत होते. सबनीस वहिनी निरांजन घेऊन उभ्या होत्या. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा खांद्यावर घेतला होता. आणि मी, गळ्यात हलगी, हातात दोन काड्या.

मागे मागे. उलटं. पाहुण्याला पाठ दाखवायची नाही.

आपण काय बोललो ते साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि माहीत असूनही माझा उजवा हात वाजवायला वर गेला. हे सांगताना आजही लाज वाटते. पण सांगायचं तर सगळं सांगायचं, नाहीतर तोंड उघडायचं कशाला?

मी एसीवाला. सोलापूरच्या आयटीआयत शिकलो आणि नव्वदच्या थोडं पुढंमागं बहारीनला आलो. कॉइल धुणे, गॅस भरणे, कंप्रेसर बदलणे. सबनीस साहेब आमच्याच कंपनीत सर्व्हिस मॅनेजर, पुण्याचे इंजिनिअर. माझी शिफ्ट त्यांच्या हातात, माझी सुटी त्यांच्या हातात, आणि व्हिसा रिन्यू करायचा तर कागदावर सहीपण त्यांचीच. मंडळाचे सेक्रेटरीपण तेच.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी ‘कर’. त्या दोन अक्षरांनी मला परदेशात फार सांभाळलं. कुणी जात हुंगली नाही. मनामातल्या माहूज भागात, फ्लॅटमध्ये माझा रूममेट रमेश वाघमारे, इलेक्ट्रिशियन. फोन उचलला की तो जयभीम म्हणायचा, समोर कोण का असेना. मी हॅलो म्हणायचो. रमेश मला चिडवायचा, “तू काय, झाकली मूठ!” मी हसायचो. च्यायला, हसायचो!

त्या वर्षी बुदैया रोडच्या एका व्हिलात मला कामाला पाठवलं. घरात एक अमेरिकन बाई राहायच्या, मिसेस ग्रेस. काळ्या, पन्नाशीच्या, शाळेत संगीत शिकवायच्या. मी खिडकीतला एसी उघडून बसलो होतो आणि आत टेप चालू होती. एक माणूस बोलत होता. गात नव्हता, बोलत होता, पण मागं ड्रम आणि जाड तारांचं एक वाद्य त्याच्या शब्दाशब्दाबरोबर चाललेलं. माझी बोटं एसीच्या पत्र्यावर चालू लागली. मला कळलंच नाही.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तुझ्या बोटांना हे माहीत आहे. कुणी शिकवलं?”

मी म्हणालो, “कुणी नाही, मॅडम. सॉरी.”

“सॉरी कशाला?” त्या म्हणाल्या, आणि टेप मागं नेऊन पहिल्यापासून लावली.

तो कवी त्यांच्या काकांचा मित्र होता. त्याचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की लोक नावावर बोलत बसतात. त्याची गोष्ट ऐका. त्याची आई हॉटेलात चादरी धुवायची. पोरगा ट्रम्पेट वाजवायचा. मोठमोठ्या हॉटेलांत त्याचा बँड वाजायचा, पण काळ्या वादकांना पुढच्या जिन्यानं वर जाता येत नसे. सामानाच्या लिफ्टनं जायचं, मळक्या चादरींच्या गाडीशेजारी उभं राहून. एका रात्री तो पुढच्या जिन्यानं चढला. पोलिसानं दांडकं तोंडावर मारलं. ओठ फाटला, पुढचे दात गेले. ट्रम्पेट संपलं.

मग तो कविता लिहायला लागला. पण वादकासारख्या. कुठं श्वास घ्यायचा, कुठं ड्रमला पुढं जाऊ द्यायचं, सगळं कागदावर मांडलेलं. आणि प्रत्येक कवितेत एका ठिकाणी तो गप्प व्हायचा. चार ठोके नुसता ड्रम. बाई म्हणाल्या, “तिथं त्याचं ट्रम्पेट असायला हवं होतं. ती जागा त्यानं मरेपर्यंत रिकामी ठेवली. लोक म्हणायचे, दुसरा ट्रम्पेटवाला घे. घेतला नाही.”

तो मेला तेव्हा त्याची दोन पातळ पुस्तकं होती आणि ही टेप. एवढंच.

बुदैयाहून परत येताना जिदहफ्सच्या बाजारात गाडी थांबवून मी कोऱ्या कॅसेटी घेतल्या. मिसेस ग्रेसनी टेपची कॉपी करू दिली, शब्द हातानं लिहून दिले. पुढं कंप्रेसर बदलायला दोनदा गेलो तेव्हा त्यांनी ओळ ओळ समजावली. बाकी डिक्शनरी. सामानाच्या लिफ्टची कविता मी दीड महिना मराठीत आणत होतो. मला ती जड गेली नाही. मनामातल्या हॉटेलांत टूलबॉक्स घेऊन गेलो की मलापण सामानाचीच लिफ्ट. आणि गावात आमची वाटच वेगळी होती, हे काय मला डिक्शनरीत शोधायचं होतं?

*सामानाच्या लिफ्टनं वर आलो,*
*मळक्या चादरींच्या गाडीशेजारी.*
*माझा सूर मात्र पुढच्या जिन्यानं गेला.*
*त्याला कुणी अडवलं नाही.*

इथं गप्प. चार ठोके. मग,

*आता मी माझ्या सुरामागनं येतो.*
*सरका.*

सबनीस साहेबांना कविता आवडतात हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. मी कागद भीत भीत दाखवला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, परत वाचला, माझ्या पाठीवर थाप मारली. “अहो, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! शुक्रवारी घरी या चहाला.” अहो. तुम्ही. मी हवेत. त्यांच्या घरी सोफ्यावर बसलो, वहिनींनी चकल्या दिल्या, बशी माझ्या हातात दिली. साहेब म्हणाले, वार्षिक कार्यक्रमात ही कविता तुम्हीच वाचायची. मला एवढंच पाहिजे होतं. आयुष्यात एकदा स्टेजवर उभं राहून, माझ्या तोंडानं, माझी कविता. बाकी काही मागत नव्हतो.

आणि तिथंच मी चूक केली. आमच्यासारख्यालाच होते अशी चूक. कौतुक झालं की आम्ही पाघळतो. मी म्हणालो, “साहेब, ते चार ठोके हलगीवर घेऊ. माझे वडील हलगी वाजवायचे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती.”

खोलीत काही पडलं नाही, फुटलं नाही. वहिनींनी साहेबांकडे बघितलं.

“हलगी म्हणजे… तुम्ही…” साहेब म्हणाले.

“हो,” मी म्हणालो.

“नाही नाही, आम्ही असलं काही मानत नाही हं!” साहेब घाईनं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, “आणि इथे परदेशात कुठलं आलंय!” मी काहीच विचारलं नव्हतं. चहा संपला. दुसऱ्यांदा चकली घ्या असं कुणी म्हणालं नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी ऑफिसात बोलावलं. “असं ठरलंय, कविता आमची मीनल वाचेल. तिचा आवाज ट्रेन केलेला आहे, पुण्याला नाटकात काम केलंय तिनं. तू हलगी धर. तुमच्या रक्तातच आहे ती.”

तू झालो होतो. आठ दिवसांत.

मी म्हणायला पाहिजे होतं, नाही. म्हणालो, “बरं साहेब.” दोन महिन्यांत माझा व्हिसा संपत होता. घरी बायको, मुलगी, म्हातारे आईबाप. आता कुणाला वाटेल, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. पोट असलेल्या माणसाला विचारा.

तालमी साहेबांच्या घरी. मी दाराशी खुर्चीवर, मांडीवर डबा, कारण हलगी अजून गावाकडनं आली नव्हती. वहिनी वाचायच्या छान, खोटं कशाला बोलू? हातवारे, डोळे, सगळं. पण ‘अडवलं नाही’ म्हटलं की न थांबता ‘आता मी’. मी डब्यावर हात उचलेपर्यंत त्या पुढं गेलेल्या.

“वहिनी, तिथं थांबायचंय. चार ठोके.”

“अहो, पण तिथे मी गप्प उभी राहिले तर लोकांना वाटेल मी विसरले!”

“विसरलात असं नाही वाटणार. ती त्या माणसाची जागा आहे.”

“कोणाची?” त्या म्हणाल्या, आणि साहेबांना हाक मारली, “अहो, हे बघा काय म्हणतायत.” साहेब आतून म्हणाले, “ॲडजस्ट करून घे रे. बारीकसारीक गोष्टींवर अडू नकोस.”

त्याच दिवसांत रमेश सुटीवर गेला होता. आमच्यात तेव्हा पत्रांपेक्षा कॅसेटी चालायच्या. माझ्या आईबापाला वाचता येत नाही. मग मी अर्धा तास टेपवर बोलायचो, जाणाऱ्याच्या हाती पाठवायचो, आणि घरचे तिकडून बोलून पाठवायचे. रमेशबरोबर मी अशीच कॅसेट दिली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो अमेरिकेचा कवी. शेवटी म्हणालो, बाबा, तुमचा एखादा ठेका वाजवून पाठवा. मोठ्या कार्यक्रमात वाजवणार आहे. बापानं हलगी का सोडली हे मी कधी विचारलं नव्हतं. दीक्षा घेतली, सगळ्यांनीच गावकीची कामं सोडली, तशी सोडली असेल, असं धरून चाललो होतो.

रमेश परत आला. तुळजापूरच्या बाजारातनं हलगी आणली होती आणि घरची कॅसेट. आम्ही दोघांनी फ्लॅटमध्ये बसून ऐकली. आधी कोंबड्यांचा आवाज. मग आई, “बोला की, फिरतंय ते.” मग बाप खाकरला.

“तुजी टेप ऐकली. त्या काळ्या मानसाची बी ऐकली. भाषा कळली न्हाई. पर मदी त्यो गप बसतो न्हवं, ते कळलं.”

बाप परत खाकरला.

“ठेका मागतुयास. मग ऐक. दीक्षा घ्यायच्या आदल्या साली पाटलाच्या पोराची वरात हुती. म्होरं म्या, हलगी घिऊन. पाटलाला पाठ दावायची न्हाई, आसा रिवाज. तोंड त्याच्याकडं, चालायचं मागं मागं. येशीपाशी धोंडा लागला. पडलो उताना. हलगी छातीवर. समदी वरात हासली. पाटील म्हनला, उठू नगं, पडल्या पडल्या वाजीव. म्या वाजिवली. वरात माज्या बाजूनं निघून जाईस्तवर वाजिवली. घरी आलो आन्‌ हिरीत टाकली.”

आई मागून काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही.

“तुला वाजवायची तर वाजीव. वाद्यानं काय गुना केलाय? पर कुनाच्या म्होरं चालत वाजवू नगं. येवढं ध्यानात ठेव.”

आणि मग खाटेच्या लाकडावर त्यानं बोटांनी ठेका धरला. चाळीस वर्षांनी. सत्तरीच्या घरातला माझा बाप. रमेश उठून बाल्कनीत गेला. मी रडलो, मोठ्यानं रडलो, आणि त्यातही मनात हिशेब चालूच होता, की स्टेजवर उभं राहून वाजवायची आहे, चालत नाही, म्हणजे बाबाचा शब्द मोडत नाही. माणूस स्वतःला किती सोयीनं फसवतो!

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी हॉलवर गेलो. बहारीनची हवा दमट, कातडं सैल पडतं. गावाकडं हलगी जाळावर शेकतात. इथं जाळ कुठला? मी हॉलच्या मागं गेलो. एसीचा गरम वारा बाहेर फेकला जातो, त्याच्यासमोर हलगी धरून बसलो. ते एसी मीच सर्व्हिस केलेले. कातडं तापलं, ताठ झालं, टिचकी मारली तर खणखणीत. तेवढ्यात छापील कार्यक्रमपत्रिका हातात आली. ‘काव्यवाचन: सौ. मीनल सबनीस. हलगीसाथ: मंडळाचे कार्यकर्ते.’ त्या कवीचं नाव होतं. माझं नव्हतं.

आणि मग पाच वाजता ते फाटक. “मागे मागे चालत वाजव.”

माझा हात वर होता. साहेब म्हणाले, “यल्ला, चल, सुरू कर, पाहुणे आले!”

मला वरात दिसली नाही, पाटील दिसला नाही, तसलं काही नाही. मला फक्त खाटेवर वाजणारी बोटं ऐकू आली. मी काड्या खिशात घातल्या.

“साहेब, मी चालत वाजवणार नाही.”

“काय?”

“नाही वाजवणार. आणि कविता माझी आहे. मी वाचीन.”

साहेब हसले, कारण पाहुणे बघत होते. हसत हसतच दातांतून म्हणाले, “तमाशा करू नकोस. नंतर बघतो तुझ्याकडे.” मग मान वळवून कुणाला तरी खूण केली, आणि स्पीकरवर सनईची कॅसेट लागली. सनई तयारच होती! म्हणजे माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. फक्त पुढं उलटा चालणारा एक माणूस हवा होता, व्हिडिओसाठी.

गर्दीतून रमेश माझ्याजवळ आला, म्हणाला, “चल, निघू. खलास.” मी म्हणालो, नाही. निघून गेलो तर त्यांना बरंच होतं. एसीचा मेन स्विच कुठंय तेपण मला माहीत होतं. सगळा हॉल दहा मिनिटांत घामानं निथळला असता. मनात आलं, खोटं सांगत नाही. पण मग ते म्हणाले असते, असलेच असतात हे लोक. मी आत गेलो आणि मधल्या रांगेत बसलो, हलगी मांडीवर घेऊन.

गणेशवंदना झाली, सत्कार झाला, एका मुलीनं नाच केला. मग वहिनी. पैठणी नेसलेल्या. हात पुढं करून म्हणाल्या, “सामानाच्या लिफ्टनं वर आलो…” पुढची ओळ. त्याच्या पुढची. “त्याला कुणी अडवलं नाही,” आणि श्वासही न घेता, “आता मी…”

मी खिशातनं काड्या काढून उभा राहिलो. चार ठोके दिले.

बंद हॉलमध्ये तापलेली हलगी कशी वाजते ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. पुढच्या रांगेतल्या बाया दचकून वळल्या. वहिनी थांबल्या.

“वहिनी, इथं थांबायचं असतं,” मी म्हणालो.

“अहो, बसा ना खाली!” त्या माइकवर म्हणाल्या.

“बसत नाही. ही कविता मी मराठीत आणली. पत्रिकेत माझं नाव नाही. माझा बाप गावात पाटलापुढं उलटा चालत हलगी वाजवायचा. आज मला इथं फाटकात तेच करायला सांगितलं. मी केलं नाही. आता मी कविता वाचतो.”

कुणी म्हणालं, “बाहेर काढा.” मागून एक बाई म्हणाली, “वाचू द्या की.” मी वाचली. पाठ होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जागेवर उभं राहून, माइकशिवाय. गप्प बसायच्या ठिकाणी गप्प बसलो. चार ठोके. मग, “सरका.”

तेव्हा पाहुण्यांनी माइक ओढला. चेहरा आनंदानं फुललेला. “वा! काय हा लोककलेचा उत्स्फूर्त आविष्कार! मंडळानं फार कल्पक योजना केली!” आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळा हॉल सुटल्यासारखा टाळ्या वाजवायला लागला. साहेबपण वाजवत होते.

त्या टाळ्या मला बापावर हसलेल्या वरातीच्या हसण्यापेक्षा जास्त लागल्या. हसण्यात निदान लपवाछपवी नव्हती.

मी ओरडून म्हणालो, “सर, हा आविष्कार नाही. ही तक्रार आहे.” टाळ्यांत किती जणांना ऐकू गेलं, माहीत नाही. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा केव्हाच खाली घेतला होता.

शनिवारी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. टेबलावर माझा व्हिसा रिन्यूचा फॉर्म, सही नसलेला, आणि शेजारी एक कोरा कागद.

“मंडळाची माफी माग. चार ओळी लिही. मी फॉर्मवर सही करतो. तुझ्या बायकामुलांचा विचार करून सांगतोय.”

बायकामुलांचा विचार मी रात्रभर केला होता. मुलीचा जास्त. तिला उद्या कुणी विचारलं, तुझा बाप काय करायचा, तर तिनं काय सांगायचं, हा.

मी साहेबांचाच पेन घेतला. उभ्या उभ्या लिहिलं, ‘शुक्रवारी मी माझी कविता वाचली. परत वेळ आली तर परत वाचीन.’ खाली सही केली. पूर्ण नाव, आणि कंसात माझी जात जी होती ती, आणि आता मी जो आहे ते, बौद्ध.

साहेबांनी कागद वाचला. बराच वेळ वाचला. म्हणाले, “मूर्ख आहेस.” फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

दोन महिन्यांनी मी परत आलो. बार्शीत फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. दिवस वाईट गेले, ते उगाच गोड करून सांगत नाही. बायको महिनाभर बोलली नाही. बापानं एवढंच विचारलं, “चालत वाजिवली न्हाईस न्हवं?” मी नाही म्हणालो. तो मान हलवून बैलाला पाणी पाजायला गेला.

त्या कवीनं ट्रम्पेटची जागा रिकामी ठेवली. मी ठेवणार नाही. माझी जागा आम्हाला गप्प बसवून रिकामी केलेली आहे, तिथं मी बोलणार. आता कुणी आडनाव विचारायच्या आधीच मी सांगतो मी कोण. ज्याला चहाचा कप मागं घ्यायचाय त्यानं तेव्हाच घ्यावा. माझी कविता दुसऱ्याच्या तोंडून जाणार नाही. हलगी दुकानात, काउंटरच्या वर टांगलेली आहे, कातडं ताठ आहे. बोलावणी येतात, वराती, मिरवणुका, पुढाऱ्यांचं स्वागत. मी एकच विचारतो.

“उभं राहून की चालत?”

चालत म्हणाले, की मी हातातल्या कामाला लागतो.